इतर

स्वयंपाकघराच्या टेबलावर वजनकाटा मांडलाय.
पोस्टातून निवृत्त होताना मागून आणलेला.
सत्काराचं घड्याळ नको म्हटलं, हा काटा द्या.
चौतीस वर्षं याच्यावर लोकांची पार्सलं तोलली,
काँगोला जाणारी औषधं,
कॅनडातल्या नातवाला निघालेली लोकरीची टोपरी.
आता तोलतेय फिरमीनच्या विजारी.

एक विजार चारशे दहा ग्रॅम.
दुसरी राहू दे, मी म्हणते.
आणि पहिली भिजली तर?
तर चड्डीवर बसायचं.
सर्बियात तुला कोण ओळखतंय!

शेल्डच्या काठापासून काळ्या समुद्रापर्यंत
तीन हजार दोनशे किलोमीटर.
नकाशा हॉलच्या भिंतीवर मावेना,
हंगेरीपाशी कोपरा आला,
रोमानिया वळून संडासाच्या दारावर गेला.
रोज सकाळी तो तिथेच जरा जास्त वेळ रेंगाळतो.

दात घासायच्या ब्रशांच्या दांड्या
त्याने करवतीने अर्ध्या कापल्या.
अकरा ग्रॅम वाचले.
त्या आनंदात संध्याकाळी दोन ग्लास बिअर जास्त.

अनलीस रविवारी आली. नकाशा पाहिला,
साखर न घालताच कॉफी ढवळत बसली.
"बाबांचा गुडघा," म्हणाली शेवटी.
गुडघा येतोय, मी म्हटलं,
त्याचं वजन धरलेलं नाही.
ती हसली नाही.
जाताना दारात मला धरून उभी राहिली,
मी तिला धरायचे शाळेच्या पहिल्या दिवशी, तशी.

फिरमीन एकतीस वर्षं नदीच्या दरवाज्यांवर होता.
बोट आत आली की मागचं दार लावायचं,
पाणी चढू द्यायचं,
मग पुढचं दार उघडायचं.
कपडे वाळत घालणारी एखादी बाई डेकवरून हात करायची.
कुठली बोट, कुठून आली, तो वहीत लिहायचा:
ड्यूसबर्ग, बाझल, रोटरडॅम, पुन्हा ड्यूसबर्ग.
एकदाच, शहाण्णव साली, सुलीना.
हे कुठे आलं, त्याने विचारलं.
नावाडी म्हणाला, नदी संपते तिथे.
त्या रात्री जेवण निवत ठेवून हा ॲटलास उघडून बसला.
नंतर कधी त्याबद्दल बोलला नाही.
मीही विचारलं नाही. हप्ते होते, पोर होती,
आणि सासूबाई माडीवर खोकत होत्या.

एप्रिलमध्ये रंगीत तालीम म्हणून
मागच्या अंगणात तंबू ठोकला.
पाऊस आला. वॉर्डच्या कोंबड्या रात्रभर कुरकुरल्या.
फिरमीन घोरला, म्हणजे तंबू पास.
तीन वाजता मी उठून घरात गेले,
वीस पावलं, ओल्या चपलांनी.
दिवा लावला नाही.
फ्रिज गुरगुरत होता,
माझी खुर्ची टेबलाखाली नीट सरकवलेली,
किटलीवर हात ठेवला तर थंड.
आपण नसताना घर कसं दिसतं
ते पहिल्यांदाच पाहिलं.
आमच्यावाचून त्याचं काही अडलेलं नव्हतं.
वर पलंग होता. कोरडा.
कितीतरी वेळ जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले.
मग वीस पावलं परत.
त्याने झोपेतच बाजूला सरकून जागा केली.

आज शेवटची मोजणी.
प्रत्येक वस्तू वेगळी, मग भरलेली पिशवी अख्खी.
माझ्या चारही बेरजा बरोबर.
त्याच्या उजव्या पिशवीत नव्वद ग्रॅम जास्त.
दोनदा तोललं. नव्वदच.
तो बाहेर साखळीला तेल देत होता,
मुद्दाम माझ्याकडे पाठ करून.

दुसऱ्याचं पार्सल उघडायचं नसतं.
वहीत लिहिलं: इतर, नव्वद.
बक्कल घट्ट लावलं.

तेवढ्यात मांजर काट्यावर येऊन बसलं,
शेपटी पायांभोवती आवळून.
चार किलो तीनशे.
ते वॉर्डकडे राहील.